घर ते वावर : वाटेवरचा अपघात कोणाच्या पदरी?



कापूस वेचणीचे दिवस आले की सकाळी माहूरच्या बसस्थानकाजवळ एक देखावा रोज दिसतो. हातात डब्याची पिशवी, खांद्यावर जुना सदरा आणि कमरेला वेचणीची ओटी गुंडाळलेल्या बायाबापड्या ऑटोत दाटीवाटीने बसतात. कोणी पैनगंगेचा पूल ओलांडून धनोड्याकडे जाते, कोणी किनवटच्या रस्त्याला लागते. ऑटो नाही मिळाला तर ट्रॅक्टरची ट्रॉली असतेच. सायंकाळी ही माणसे सुखरूप परत आली की दिवस सरला.

पण एखाद्या दिवशी ती परत आली नाहीत तर? वावर अजून दोन कोस दूर आहे, हाताला कामाचा स्पर्शही झालेला नाही, आणि वाटेतच गाडी उलटली, तर तो अपघात कामावरचा की नुसता रस्त्यावरचा? मजुराच्या घरच्यांनी कोणाकडे पाहायचे?

हा प्रश्न पोकळ नाही. ४ एप्रिल २०२५ च्या सकाळी नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात मजूर महिलांना शेतकामाला घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात जणी त्यात गेल्या. केंद्र आणि राज्य सरकारने मदत जाहीर केली, सारा जिल्हा हळहळला. त्या सातही जणी कामावर पोचलेल्या नव्हत्या. त्या वाटेवर होत्या.

त्यानंतर चारच महिन्यांच्या आत, २९ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर एक निकाल दिला. तो खटला मुंबई-दिल्लीच्या मोठ्या कंपनीचा नव्हता. तो आपल्याच मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचा होता. म्हणून आज पीक आणि खताचा विषय बाजूला ठेवून मी हा विषय घेतला आहे.

पहाटे तीनची पाळी

गोष्ट २००३ सालची. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला एक गृहस्थ साखर कारखान्यात पहारेकरी होता. त्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिलला तो आपल्या मोटारसायकलवरून रात्रीच कामाला निघाला. कारखाना सुमारे पाच किलोमीटर राहिला असताना अपघात झाला आणि त्यात तो गेला. मागे पत्नी, चार लेकरे आणि म्हातारी आई.

घरच्यांनी नुकसानभरपाई मागितली. कारखान्याने कामगारांसाठी ओरिएंटल इन्शुरन्स कंपनीचा विमा उतरवलेला होता. उस्मानाबादच्या नुकसानभरपाई आयुक्तांनी २००९ साली निकाल दिला, की ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज द्यावे. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की माणूस कारखान्यात नव्हता, काम सुरू झाले नव्हते, मग हा कामावरचा अपघात कसा? २०११ साली उच्च न्यायालयाने ते मान्य केले आणि भरपाई रद्द झाली.

कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे निकाल लागायला २०२५ साल उजाडले. न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि आयुक्तांचा हुकूम पुन्हा कायम केला. अपघातापासून बावीस वर्षे गेली होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो. पण या घराने ती पायरी सोडली नाही, म्हणून पुढच्या हजारो घरांची वाट मोकळी झाली, हेही ध्यानात ठेवावे.

आधी कायदा काय म्हणत होता?

मजुराला कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हा कायदा १९२३ सालचा. त्यात शब्द असे होते, की अपघात नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात झालेला असला पाहिजे. आता ‘नोकरीचा ओघ’ कुठे सुरू होतो? कारखान्याच्या फाटकाशी की घराच्या उंबऱ्याशी? शंभर वर्षे वकील मंडळी यावरच भांडत आली.

१९५८ साली सौराष्ट्रातल्या मिठागराच्या कामगारांचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. खाडी ओलांडताना सार्वजनिक होडी बुडाली आणि कामगार दगावले. तेव्हा न्यायालयाने भरपाई नाकारली. जी वाट सगळ्या लोकांची आहे, तिच्यावर माणूस कामगार म्हणून नव्हे तर इतरांसारखाच वाटसरू म्हणून असतो, असा त्याचा अर्थ. १९९६ साली पुन्हा तसेच झाले. सायकलवरून कामाला निघालेल्या कामगाराला कारखान्यापासून एक किलोमीटरवर लॉरीने ठोकरले होते. त्यालाही राज्य कामगार विमा कायद्याखाली लाभ मिळू शकला नाही.

मग संसदेने राज्य कामगार विमा कायद्यात नवे कलम घातले. ते १ जून २०१० पासून लागू झाले. घरून कामावर जाताना किंवा काम आटोपून घरी येताना झालेला अपघात कामावरचाच समजावा, असे ते कलम सांगते. पण तो कायदा विमा उतरवलेल्या कारखाना कामगारांपुरता. १९२३ च्या कायद्यातल्या मजुरांचे काय? इथेच आपल्या पहारेकऱ्याचा निकाल उपयोगी पडला. न्यायालय म्हणाले, की दोन्ही कायदे कामगाराच्या भल्याचे, दोन्हींत शब्द तेच. मग एका कायद्यात एक अर्थ आणि दुसऱ्यात दुसरा, असे कसे चालेल?

तीन गाठी जुळल्या पाहिजेत

याचा अर्थ वाटेवरचा प्रत्येक अपघात आता मालकाच्या गळ्यात पडेल असा नाही. न्यायालयाने अट घातली आहे. परिस्थिती, वेळ आणि ठिकाण या तीन गोष्टींचा कामाशी संबंध दिसला पाहिजे.

पहारेकऱ्याचे उदाहरण घ्या. पाळी पहाटे तीनची, तो निघाला त्याच्या आधी, ही वेळेची गाठ. रस्ता कारखान्याचाच, ही ठिकाणाची गाठ. आणि निघाला तो ड्यूटीसाठीच, ही परिस्थितीची गाठ. तीनही जुळल्या.

उलट एखादा माणूस काम सुटल्यावर वाट वाकडी करून दुसऱ्या गावी सोयऱ्याकडे जेवायला गेला आणि मध्यरात्री तिथून येताना पडला, तर या गाठी सुटतात. तेव्हा मजुरानेही फार ताणू नये आणि मालकानेही सरसकट हात झटकू नयेत.

आता नवी संहिता

निकालानंतर आणखी एक बदल झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ च्या भरपाई कायद्याची आणि राज्य कामगार विमा कायद्याची जागा घेतली. घर ते काम आणि काम ते घर या वाटेवरचा अपघात, संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरावा, ही तरतूद आता संहितेतच लिहिलेली आहे. म्हणजे जुने अपघात असोत की नवे, दोन्हीकडे आधार आहे. नव्या संहितांमध्ये कामगाराला नेमणुकीचे पत्र देणेही बंधनकारक केले आहे. कारखान्यात, जिनिंगमध्ये, गोदामात लागलेल्या आपल्या मुलाने ते पत्र मागून घ्यावे. उद्या कामाला येत होता की नाही, हा वाद निघाला तर तोच पहिला पुरावा.

आपण मजूरही आणि मालकही

इथपर्यंत वाचून काही मंडळी म्हणतील, साहेब, हे कारखानदारांचे. आमच्याकडे चार एकर वावर, आम्ही कसले मालक?

मीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. पण १९२३ च्या कायद्याची यादी मी डोळ्यांखालून घातली तेव्हा चपापलो. ट्रॅक्टर किंवा विजेच्या-इंजिनाच्या यंत्राने होणारी शेती तिच्यात आहे. कीटकनाशकाची फवारणी आणि धुरळणी आहे. यंत्राने होणारी कापणी आणि मळणी आहे. ट्रॅक्टर, पॉवर टिलर यांवरचे काम आहे. कूपनलिकेचे काम आहे. ही कामे नव्या संहितेच्या यादीतही आहेत.

हाताने होणारी प्रत्येक निंदणी-वेचणी या यादीत आपोआप बसते असे मी म्हणत नाही. पण सोयाबीनची सुडी मोडून मळणी यंत्र लावले, पाठीवरचा पंप देऊन फवारणीला माणूस धाडला, किंवा ट्रॅक्टरवर चालक ठेवला, की आपण त्या दिवसापुरते मालक झालो. मग वावर चार एकर असो की चाळीस.

पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात काय झाले ते आपण जवळून पाहिले आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांत स्वतःच्या वावरात फवारणारे होते, तसेच दुसऱ्याच्या वावरात रोजाने गेलेलेही होते. फवारणीचा मजूर हा कायद्याच्या यादीतला मजूर आहे, हे तेव्हा किती जणांना ठाऊक होते?

माझी एक चूक

आता एक गोष्ट सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही, कारण ती माणसे आजही तिथेच नांदत आहेत.

बारा-तेरा वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीत एका बाईचा उजवा हात यंत्राच्या तोंडात ओढला गेला. वय पस्तिशीचे. चार बोटे गेली. आठ दिवसांनी गावात बैठक बसली. मी त्या दिवशी बियाण्याच्या कामासाठी गावात होतो, म्हणून मलाही बोलावले. वावराचा धनी माझ्या ओळखीचा, बरा माणूस. तो म्हणाला, “सायेब, म्या दवाखान्याचा खर्च केला. आता किती देऊ तेवढं सांगा. माझंबी घर हाये.” बाईचा नवरा मान खाली घालून बसला होता. तो एकच वाक्य बोलला, “तुमी म्हनसाल तसं.”

मी म्हणालो, “वीस हजार द्या आणि मिटवून टाका. कोर्टकचेरीत दोघांचंही वाटोळं होईल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. कागद झाला, अंगठा झाला. मला वाटले, एक तंटा मिटवला.

पुढे भरपाईचा हिशेब कसा करतात ते समजले आणि एका रात्री मी तो कागदावर मांडला. एका हाताची चार बोटे गेली तर कायद्याच्या कोष्टकात कमाईची शक्ती ५० टक्के गेली असे धरतात. त्या वेळी तिची रोजी १२० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३,१२० रुपये. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणतात. ३५ वर्षांचा गुणक १९७.०६. ते होतात ३ लाख ६८ हजार ८९६ रुपये. त्याचे निम्मे, १ लाख ८४ हजार ४४८ रुपये.

मी तिला वीस हजारांत मिटवायला लावले होते.

धन्याने एवढे पैसे कुठून आणले असते, हाही प्रश्न खराच. त्याला वावर विकावे लागले असते. पण मळणीआधी त्याने मजुरांचा विमा उतरवला असता तर दोन्ही घरे वाचली असती. हे त्याला सांगायचे काम माझ्यासारख्याचे होते. मी त्याला बियाणे, खत, अंतर सगळे सांगितले होते. हे सांगितले नव्हते. ती बाई आजही डाव्या हाताने भाकरी थापते. तिच्या घरावरून जाताना माझी मोटारसायकल आपोआप हळू होते.

भरपाईचा हिशेब

हिशेब अवघड नाही. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे ५० टक्के घ्यायचे आणि वयाच्या गुणकाने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ६० टक्के. अर्धवट अपंगत्व असेल तर त्या प्रमाणात कमी. वय जितके कमी तितका गुणक मोठा, कारण तरुण माणसाची पुढची कमाई जास्त बुडते. २५ व्या वर्षी २१६.९१, ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९.

समजा ४० वर्षांचा मजूर, रोजी ४०० रुपये, महिन्याचे १०,४०० रुपये. निम्मे ५,२००. गुणिले १८४.१७, म्हणजे ९ लाख ५७ हजार ६८४ रुपये. ही रक्कम महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते. कारण नसताना टाळाटाळ केली तर निम्म्या रकमेपर्यंत दंडही बसू शकतो.

आणखी एक मुद्दा. या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मजूर दारू प्यालेला होता, त्याने मुद्दाम नियम मोडला, अशी सबब लहान इजेला चालते. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तीही चालत नाही.

मजुराच्या घराने काय करावे?

अपघात झाला की रडारड असते, कोणाला काही सुचत नाही. म्हणून हे आधीच वाचून ठेवा आणि घरातल्या शिकलेल्या मुलाला पाठ करून ठेवायला सांगा.

पहिली गोष्ट, पोलिसात नोंद करा. जबाबात माणूस कामावर जात होता की कामावरून येत होता, कोणाच्या कामावर, किती वाजता, हे लिहून घ्या. पंचनाम्यात ठिकाण नीट येऊ द्या. पुढचा सारा दावा या चार ओळींवर उभा राहतो.

दुसरी, हजेरीची वही, पगाराची चिठ्ठी, नेमणूक पत्र, मुकादमाची टाचणवही, बँकेचे पासबुक यांपैकी जे असेल ते जपा. काहीच नसेल तर सोबत काम करणाऱ्या दोन माणसांची नावे लिहून ठेवा.

तिसरी, मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. दावा दोन वर्षांच्या आत झाला पाहिजे, पण दोन वर्षांची वाट पाहू नका. साक्षीदार पांगतात, कागद हरवतात.

चौथी, कोऱ्या कागदावर अंगठा नको. मृत्यूची भरपाई मालकाने घरात हातोहात देऊन मोकळे व्हायचे नसते. ती कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते आणि तिथून वारसांना वाटली जाते. बैठकीत मिटवलेला कागद म्हणजे कायद्याची भरपाई नव्हे.

पाचवी, वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही जाता येते. मात्र दोन्हीकडून भरपाई मागता येत नाही, एकच वाट धरावी लागते. कोणती धरायची ते वकिलाला विचारून ठरवा.

वकिलाला पैसे नाहीत, हे कारण आता उरलेले नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. आपल्या तालुक्यातल्या कोलाम, गोंड, आंध बांधवांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

ऊसतोडीला किंवा बांधकामाला मुकादमामार्फत गेलेल्यांसाठी आणखी एक सांगतो. ठेकेदार मध्ये असला तरी ज्याच्या धंद्याचे काम चालले आहे त्या मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. ‘मुकादमाला विचारा’ हे उत्तर पुरेसे नाही.

वावराच्या धन्याने काय करावे?

बैल गेला अन् झोपा केला, असे होऊ देऊ नका.

मळणी यंत्र भाड्याने येते तेव्हा आपण दर विचारतो, ताशी किती पोती ते विचारतो. आता एक प्रश्न वाढवा, “दादा, तुझ्या यंत्रावरच्या माणसांचा विमा आहे का?” स्वतःचे यंत्र, ट्रॅक्टर असेल तर विमा कंपनीकडे कामगार नुकसानभरपाई विम्याची चौकशी करा. यादीत कोणती कामे आणि किती माणसे धरली आहेत ते वाचून घ्या. कामावर जाण्या-येण्याची वाट त्यात धरली आहे का, हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पॉलिसीचा कागद पेटीत असतो, पण त्यातली ओळ वेळेवर आपल्या विरुद्ध निघते, हे पुष्कळांनी भोगले आहे.

यंत्रात पेंढी सरकवण्याच्या तोंडाला लांब पन्हाळ असावे, हात आत जाता कामा नये. पदर खोचून, केस बांधून, हातातल्या बांगड्या-कडी काढून काम करावे. रात्री झोपेच्या भरात मळणी नको. फवारणीला हातमोजे, तोंडाला मुसके, अंगभर कपडे द्यावेत आणि वाऱ्याच्या विरुद्ध चालू देऊ नये. दिवसाची हजेरी एका साध्या वहीत लिहावी. ती वही मजुराला उपयोगी पडते, तशीच धन्यालाही. जो त्या दिवशी कामावर नव्हताच, त्याचा दावा तीच वही परतवते.

आणि ट्रॉलीविषयी. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच, ती चालकाची. मडगार्डवर बसलेल्या किंवा ट्रॉलीत भरलेल्या माणसांची जबाबदारी ट्रॅक्टरच्या साध्या विम्यात येत नाही, असे विमा कंपन्या सांगतात आणि न्यायालयांनीही ते अनेकदा मान्य केले आहे. म्हणजे वाटेवर काही झाले तर विमा बाजूला राहील आणि भार धन्याच्या अंगावर येईल. ऑटोच्या भाड्याचे दोनशे-तीनशे रुपये वाचवण्यासाठी हा धोका घ्यावा का, ज्याने त्याने विचार करावा. शिवारातल्या उघड्या विहिरींना कठडे बांधणे हेही याच यादीत घ्या.

शेतकऱ्यासाठी वेगळी सोय

शेतकऱ्याच्या स्वतःच्या अपघातासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी ही विमा योजना होती. विमा कंपन्या त्रुटी काढत, प्रस्ताव लांबवत, नाकारत. म्हणून २०२३ साली सरकारने कंपनीला मधून काढले आणि अनुदान थेट देणे सुरू केले. १० ते ७५ वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली आणखी एक व्यक्ती तिच्यात येते. अपघाती मृत्यूला २ लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा. तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते.

पण पाहा, या योजनेचा पाया सातबारा आहे. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तो शेतमजूर तिच्यात बसत नाही. त्याला आधार तो भरपाईच्या कायद्याचा, आणि तो कायदा आपल्या हातून पाळला जातो. म्हणूनच धन्याने तो ओझे समजू नये. आज आपल्या वावरात येणारी बाई आणि उद्या कारखान्याच्या रात्रपाळीला निघणारा आपला मुलगा, दोघेही एकाच कायद्याच्या छायेत आहेत. मुलासाठी जो न्याय हवा, तो त्या बाईलाही द्यावा लागेल.

येत्या मळणीआधी माझ्या भागातल्या गावांत बैठक घेताना मी बियाण्याच्या पिशवीबरोबर हा विषयही घेऊन जाणार आहे. ज्या गावात मी वीस हजारांत मिटवले होते, तिथे पहिली बैठक ठेवली आहे. तो धनी येणार म्हणाला आहे. बाईच्या घरीही निरोप धाडला आहे.